दुप्पट: गच्चीवर खेळायचा शब्दांचा खेळ

या खेळाला पत्ते लागत नाहीत, सोंगट्या लागत नाहीत, उजेडसुद्धा लागत नाही. आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. रात्री दहालाही भिंतीला टेकवत नाही, म्हणून सगळं घर गच्चीवर गाद्या टाकतं. त्यात सुट्टीला सुरतेचे आणि पुण्याचे भाचे आलेले असतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. तो खाली ठेवायला लावणारा एवढाच एक उपाय मला सापडला आहे. मी छापखान्यातला माणूस. उमेदवारी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्यात गेली, त्यामुळे जोडाक्षरं म्हटली की हात आपोआप शिवशिवतात.

खेळ असा. एकाने मास्तर व्हायचं. त्याने मनात एक दुप्पट अक्षर धरायचं, म्हणजे तेच अक्षर त्यालाच जोडलेलं: ट्ट, ल्ल, प्प, च्च, काहीही. मग ते अक्षर असलेले पाच शब्द ठरवायचे आणि एकेकाची खूण सांगायची. बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. अक्षर कोणतं, हे मास्तर सांगत नाही. दोन शब्द सुटले की कोणाच्या तरी डोक्यात लख्ख प्रकाश पडतो आणि खेळाला खरा रंग तिथून चढतो, कारण पुढची खूण यायच्या आतच पोरं तोंडातल्या तोंडात शब्द घोळवायला लागतात. शब्दाला एक गुण, अक्षर पकडलं तर तीन. अक्षर चुकीचं सांगितलं तर तो पुढच्या एका खुणेपुरता गप्प. हा दंड ठेवाच, नाहीतर धाकटे पहिल्या शब्दापासून बाराखडी म्हणत सुटतात.

एक डाव सांगतो. पहिली खूण दिली, 'वरणाबरोबर खातात, आणि भांडण मिटलं की घेतात.' सुरतेचा म्हणाला, 'मामा, वरणाबरोबर तर भात.' पुण्याची उठून बसली, 'बट्टी! कट्टी-बट्टीतली!' दुसरी, 'विटा कच्च्या आत जातात, पक्क्या बाहेर येतात.' भट्टी. इथे मुद्दाम खुणेतच च्च आणि क्क पेरले होते, दोघं फसले. तिसरी, 'शाळेत दप्तरात असते, दवाखान्यात जखमेवर बसते, आमच्या वेळी हातावरही बसायची.' पट्टी. एवढ्यात ट्ट पकडला गेला. मग घट्ट आणि हट्ट यांना खूण जवळजवळ लागलीच नाही.

शब्द शोधणं सोपं असतं. खूण बनवणं हेच खरं काम, आणि तिथेच बहुतेक मास्तर आपटतात. कोशातला अर्थ सांगितला की खेळाची परीक्षा होते. 'पत्र जिथे पोचवायचं त्या ठिकाणाचा तपशील' असं म्हणू नका. 'पाकिटावर एक असतो, कॅटमध्ये बावन्न असतात' म्हणा, पत्ता सुटेल आणि पोरं हसतील. दोन अर्थांचे शब्द आधी उचला. टप्पा चेंडूचाही असतो आणि प्रवासाचाही. गड्डा कोबीचाही, लसणाचाही. झब्बू पत्त्यांचा डाव, आणि हरणाऱ्याला मिळतो तोही झब्बूच.

दुसरा साठा आपल्या मुलखाचा. 'चाळीसगावहून घाट चढलं की लागणारं गाव, आणि कर्नाटकातली भाषा.' कन्नड. 'सातपुड्याच्या पायथ्याचा तालुका, अर्धं नाव शहाणपणाचं, अर्धं विहिरीचं.' यावर पुण्याची मंडळी ढिम्म हलली नाहीत. उत्तर अक्कलकुवा. धुळ्यातून 1998 साली वेगळा झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातला. तुमच्या गावचे असे दोन-चार शब्द आधीच हेरून ठेवा. पाहुण्यांना हरवायला त्यांच्याइतकं कामाला काही येत नाही.

माझ्या आईची, म्हणजे पोरांच्या आजीची, शाळा चौथीपर्यंतच झाली. पण खुणा तिच्या माझ्यापेक्षा सरस. एकदा म्हणाली, 'शेवभाजीतली शेव संपली तरी हा उरतोच, आणि त्याच्यासाठी भाकर परत मागावी लागते.' रस्सा! अशी खूण सुचत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मास्तर करा.

आता भांडणाचे मुद्दे, कारण हुज्जत झाल्याशिवाय हा खेळ होत नाही. (हुज्जत हाही ज्जच्या डावातला चांगला शब्द आहे.)

पहिलं भांडण बुद्धीवरून होतं. कानाला द दोनदा ऐकू आल्यासारखा वाटतो, पण ते द आणि ध आहेत, दोन वेगळी अक्षरं. म्हणून बुद्धी, शुद्ध, पद्धत बाद. तसेच स्वच्छ, इच्छा, गुच्छही बाद, तिथे च ला छ जोडलेला आहे. मात्र चिठ्ठी, लठ्ठ, विठ्ठल यांत आपण ठ लाच ठ जोडून लिहितो, सख्खा आणि अख्खामध्ये ख ला ख. हे चालतील, फक्त ठ्ठचे शब्द ट्टच्या डावात घुसवायचे नाहीत. दुसरं भांडण गंमत, हिंमत, किंमत यांचं. म्हणताना चक्क म्म येतो, लिहिताना अनुस्वार. मी लेखनाच्या बाजूने निकाल देतो, छापखान्याची सवय. निम्मा घ्या, मम्मी घ्या, गंमत नको. तुमच्या घरी कान श्रेष्ठ मानायचा असेल तर खुशाल माना, पण डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा.

अंधारात निकाल कसा लावायचा? समोरच्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायचं. ट, ठ, ड, द यांना मोडायला उभा दंड नसतो, म्हणून ट्ट, ड्ड, द्द एकाखाली एक चढतात. आमच्याकडे खिळ्यांच्या पेटीत अशा जोडाला स्वतंत्र खिळाच असायचा. प, च, ल यांचा दंड काढून अर्धं अक्षर करायचं आणि पुढे अख्खं ठेवायचं. पाठीवर हा फरक लगेच कळतो. सुरतेच्या धाकट्याची शाळा गुजराती माध्यमाची, त्याला मराठी जोडाक्षरं अशी पाठीवरच पक्की झाली.

अगदी लहानांसाठी खुणा बाजूला ठेवा आणि जोड्या ऐकवा: खडा आणि खड्डा, चिता आणि चित्ता. जिथे आवाज अडकून पुढे सुटतो तिथे टाळी वाजवायची. त्यांना आवाजाचे शब्दही आवडतात. चिमणी भुर्रकन उडाली, फुगा फुस्स झाला.

आठवी-नववीची पोरं असतील तर संधीचे शब्द काढा. सत् आणि जन मिळून सज्जन, उत् आणि लेख मिळून उल्लेख, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ, तत् आणि लीन मिळून तल्लीन. या सगळ्यांत मूळचा त पुढच्या अक्षरासारखा होऊन बसतो. हे एकदा कळलं की उज्ज्वल लिहिताना एक ज गाळायची सवय सुटते, कारण उत् मधल्या त चा ज आणि ज्वल मधला ज, असे दोन हवेतच. महत्त्वचंही तेच. महत् चा एक त, त्व चा दुसरा. मातृत्वात मात्र एकच, कारण मातृ च्या शेवटी त् नाही. लग्नपत्रिका आणि अहवाल तपासताना या एका त साठी मी किती तांबडी शाई घालवली असेल, याची मोजदाद नाही.

अक्षर निवडताना एक पाहा: त्त, ल्ल, क्क, ट्ट, प्प यांचे शब्द पोत्याने मिळतात. ग्ग आणि य्य घेऊ नका, शय्या झाली की मास्तरच अडतो. व्व आणि ण्ण कठीण वाटतात, पण ते आकड्यांत लपलेले आहेत: नव्वद, एक्क्याण्णव, अठ्ठ्याण्णव. आणि त्यातूनच शेवटचा डाव निघतो. एकाच शब्दात दोन दुप्पट अक्षरं शोधायची, गुण पाच. 'अठ्ठावीसच्या दुपटीहून दोन जास्त' अशी खूण द्या, अठ्ठावन्न येईल. छप्पन्न, सत्तावन्नही त्याच घरातले. नव्वाण्णव सर्वांत शेवटी काढा, आणि आकड्यांबाहेरचा असा शब्द कोणी आणला तर त्याला पाचाऐवजी दहा गुण द्या.