मिरर लेन्सवर नेमका फोकस कसा साधावा

५०० मिमी एफ/८ मिरर लेन्समध्ये प्रकाश दोन आरशांवरून परावर्तित होऊन दुमडला जात असल्याने ती आखूड आणि हलकी असते. मात्र तिचे छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट, अॅपर्चर) कायम एफ/८ याच मापाचे राहते, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्राचा उजेड, शटर आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) यांनीच सांभाळावे लागते. बहुतेक मिरर लेन्सना ऑटोफोकस नसतो. फोकसची कडी अनंताच्या खुणेपुढेही फिरते, कारण तापमानानुसार आरसे व नळी किंचित आकुंचन-प्रसरण पावतात. त्यामुळे चंद्र टिपतानाही कडी शेवटपर्यंत फिरवून मोकळे होऊ नये, तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरील थेट दृश्यात, प्रतिमा मोठी करून, फोकस नेमक्या बिंदूच्या थोडा पुढे-मागे नेत स्थिर करावा. हातात धरून टिपताना शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे, आणि कॅमेऱ्यातच स्थिरीकरण (हात हलल्याने येणारी अस्पष्टता कमी करणारी सोय) असल्यास मेन्यूत ५०० मिमी हे फोकल अंतर स्वतः भरावे, कारण अशी लेन्स ते सहसा कॅमेऱ्याला कळवत नाही. चमचमते पाणी किंवा पानांतून झिरपणारे ऊन मागे असेल तर मेदूवड्यासारखी वर्तुळे उमटतात. पक्ष्यासाठी मोकळे आकाश किंवा सावलीतली झाडी हीच पार्श्वभूमी मला योग्य वाटते.