उपाशी लेपर्ड गेकोला कसं सावरावं: आधी ऊब, मग पाणी, शेवटी खाणं

शेपूट सुकून पार बारीक झालेला लेपर्ड गेको (हौसेने पाळली जाणारी ठिपक्यांची पाल) घरी आला की बहुतेक जण तासाभरात त्याच्यापुढे किडे टाकतात. आपल्या लोकांना तर हे जास्तच सुचतं. अशक्त जीव दिसला की आधी त्याचं पोट भरायचं, असंच आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण महिनोन् महिने उपाशी राहिलेल्या गेकोचा जीव या घाईत जाऊ शकतो. इथे न्यू जर्सीत मी बरीच वर्षं असे सोडून दिलेले गेको सांभाळते. कुणी कॉलेज संपल्यावर खोलीत मागे ठेवलेला असतो, कुणी मुलांचा उत्साह ओसरल्यावर थंड गॅरेजमध्ये गेलेला. प्रत्येकाला मी एकाच क्रमाने सावरते: आधी ऊब, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी खाणं.

हे सगळं पाळीव, माणसाने पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या लेपर्ड गेकोबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या रानात त्याचे जे भाऊबंद दिसतात, ते वन्यजीव आहेत. तसा एखादा जखमी सापडला तर घरी आणू नका, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

पहिला दिवस

टाकी अगदी साधी ठेवा. तळाला किचन पेपर, ऊबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशा लपायच्या दोन जागा, पाण्याची उथळ वाटी. वाळू नको. ‘कॅल्शियमची वाळू’ म्हणून जी विकतात ती तर अजिबात नको, कारण कॅल्शियम कमी पडलेला गेको ती चाटत बसतो आणि त्याचं आतडं तुंबतं. किचन पेपरवर शी लगेच दिसते, आणि पहिले काही आठवडे त्याची शी पाहूनच तुम्हाला त्याची प्रकृती कळणार आहे.

घरात आणखी सरपटणारे प्राणी असतील तर नव्याला निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. चिमटे आणि वाट्या वेगळ्या हव्यात, आणि त्याचं काम रोज सगळ्यात शेवटी करायचं.

एक ग्रॅमपर्यंत नेमकं दाखवणाऱ्या किचन काट्यावर त्याचं वजन करा आणि लिहून ठेवा. प्रौढ लेपर्ड गेको साधारण ५० ते ८० ग्रॅमचा असतो. पूर्ण वाढलेला असून ३० ग्रॅमच्या आत भरला तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. फक्त कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे डॉक्टर इथे पुरत नाहीत. ‘असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स’ या संघटनेच्या संकेतस्थळावर तुमच्या भागातले डॉक्टर शोधता येतात.

ऊब

ऊबदार बाजूच्या लपायच्या जागेत जमिनीचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस हवं आणि थंड बाजूला २४ ते २६. निरोगी गेकोला रात्री थोडा गारवा चालतो. आजाऱ्याच्या टाकीत मात्र पारा २४ च्या खाली जाऊ देऊ नका. हीट मॅट (टाकीखाली ठेवायची विजेची तापपट्टी) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरल्या अंशावर रोखणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही लावायची नाही. ती तापत जाते, गेको जागेवरून हलत नाही आणि पोटाची कातडी भाजते. विजेवर तापणारे दगड तर घरातच आणू नका. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतात, तेही चुकीचं. वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचं टोक गेको जिथे पोट टेकवतो तिथेच ठेवा.

गेकोचं अन्न बाहेरच्या उष्णतेवर पचतं. शरीर थंड असताना पोटात गेलेला किडा तिथेच सडतो. म्हणून टाकीचं तापमान नीट बसल्यावर पूर्ण एक दिवस त्याला नुसतं ऊबेत पडू द्या.

पाणी

दिवसातून एकदा कोमट पाण्यात, पोट बुडेल इतक्याच उंचीत, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तिथून हलायचं नाही. एरवी नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा, तो जिभेने चाटून घेतो. सिरिंजने तोंडात पाणी मारू नका, ते श्वासनलिकेत जातं. डोळे खोल गेले असतील, कातडीची चिमट जागेवर बसत नसेल, तर घरच्या पाण्याने भागणार नाही. डॉक्टर कातडीखाली सलाइन देतात.

खाणं: इथेच घाई नडते

नीट समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हा टप्पा. इंटरनेटवर सगळ्यात वाईट सल्ले मिळतात तेही याच टप्प्याबद्दल.

दीर्घ उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगत असतं. अशात एकदम भरपूर अन्न आलं की इन्सुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत खेचलं जातं. शरीरात त्यांचा साठा आधीच तुटपुंजा असतो. मग स्नायू दगा देतात, हृदय दगा देतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काही जण पोटभर जेवल्यावर दगावले, ते याचमुळे. गेकोतही हेच होऊ शकतं. तो अधाशासारखा खातो, सगळ्यांना आनंद होतो, आणि एक-दोन दिवसांत तो निपचित पडतो.

म्हणून खाणं सुरू करण्याआधी तीन गोष्टी दिसायला हव्यात. शीबरोबर येणारा लघवीचा पिवळा, कडक खडा पांढरा आणि मऊ झालेला असावा. डोळे उघडे आणि ओलसर असावेत. आणि तो स्वतःच्या पायांनी ऊबेतून गारव्यात आणि परत ऊबेत जायला लागलेला असावा. तोवर थांबायचं. हे दिवस जड जातात, तरीही थांबायचं.

सुरुवात किड्यांनी करायची नाही. आजारी मांसाहारी प्राण्यांसाठी बनवलेली पूड मिळते, ऑक्सबोची ‘कार्निव्होर केअर’ किंवा एमरेडची मांसाहारी प्राण्यांसाठीची. ती कोमट पाण्यात पातळ कालवून एक थेंब नाकाच्या शेंड्यावर ठेवायचा. तो चाटेल. मग आणखी एक. पहिल्या दिवशी एवढंच. किती द्यायचं हे वजन पाहून डॉक्टरकडून ठरवून घ्या, आणि पूर्ण आहारापर्यंत पोचायला एक-दोन आठवडे लागू द्या. कमी वाटतंय म्हणून जास्त देऊ नका.

जबडा उघडून भरवायचं नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. सोडून दिलेल्या बहुतेक गेकोंना वर्षानुवर्षं कॅल्शियम मिळालेलं नसतं आणि त्यांची हाडं मऊ झालेली असतात. पाय वाकडे, चालताना थरथर, खालचा जबडा रबरासारखा. असा जबडा बोटांनी उघडायला गेलात तर तो मोडतो, आणि मोडल्यावर त्याला खाणं फार अवघड होतं. नळीने भरवायची वेळ आलीच तर ते काम डॉक्टरचं.

मेणकिड्यांचा (वॅक्सवर्म) लगदा करून भरवा, हा सल्ला जागोजागी सापडतो. मेणकिड्यात चरबी फार असते, आणि उपाशी शरीराचं यकृत तो भार पेलू शकत नाही. बाळांसाठीच्या चिकनच्या बाटल्यांचंही तेच. त्यात कॅल्शियम नगण्य असतं आणि काहींत कांदा-लसूण असतो. दोन्ही नकोत.

तो चाटतच नसेल तर आधी पुन्हा तापमान मोजा. दहात नऊ वेळा खोट तिथे असते. तापमान बरोबर असूनही तीन-चार दिवस काहीच चाटलं नाही तर डॉक्टरकडे जा. तोंडात जखम किंवा संसर्ग असू शकतो.

कालवलेली पूड पचतेय आणि शी घट्ट येतेय असं दिसलं की पहिला किडा द्या. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीपासून सुरुवात करते, कारण इतर किड्यांच्या मानाने तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. एक द्या, आणि शी होईपर्यंत दुसरी देऊ नका. क्रिकेट्समध्ये (रातकिड्यांमध्ये) फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतं, म्हणून त्यांना आदल्या दिवशी पालेभाजी आणि गाजर खाऊ घालून कॅल्शियमच्या पुडीत घोळवूनच द्यायचं. रात्री टाकीत एकही क्रिकेट मोकळा राहू देऊ नका. अशक्त गेकोला ते कुरतडतात.

अंगणातले किडे कधीच नकोत, आणि काजवे तर मुळीच नकोत. जूनच्या संध्याकाळी इथली मुलं बरणीत काजवे पकडतात आणि मायेने एखादा टाकीत सोडतात. इथल्या काजव्यांमध्ये हृदयावर परिणाम करणारं विष असतं. सरड्या-पालींच्या जातीचा प्राणी एका काजव्यानेही मरू शकतो. घरात मुलं असतील तर हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

बाकीचं

बोटांवर जुनी कात अडकली असेल तर ओल्या मॉसची (शेवाळाची) बंद डबी ठेवा आणि भिजल्यावर कापसाच्या काडीने हळू सोडवा. चिमट्याने ओढलीत तर बोट जातं. लेपर्ड गेकोला पापण्या असतात आणि त्यांच्याखालीही कात अडकते. ती डॉक्टरनेच काढावी. हाडं मऊ असतील तर डॉक्टर कॅल्शियमचं औषध देतील, सोबत सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लावा. शेपटीला धरू नका. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, साल्मोनेला जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी त्याला हाताळू नये.

वजन आठवड्यातून एकदाच करा, रोज उचललंत तर तो ताण घेतो. शेपटीच्या मुळाशी थोडा भरीवपणा दिसायला दोन-तीन महिने लागतात. पण व्यवस्थित खाऊनही तीन-चार आठवड्यांत वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, तर शीची क्रिप्टोस्पोरिडियमसाठी पीसीआर चाचणी करा. हा परजीवी आतड्याच्या अस्तरात राहतो, खाल्लेलं अंगी लागू देत नाही, आणि साध्या ब्लीचला दाद देत नाही. त्यावर खात्रीचा उपचार नाही. चाचणी तसं सांगत असेल आणि तो झिजतच असेल, तर त्याला वेदनेविना जाऊ देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. दर वेळी हे बोलताना माझा घसा दाटतो. पण आशेपोटी आणखी दोन महिने त्याला झिजत ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

चाचणी स्वच्छ असेल आणि वजन सलग दोन महिने चढत असेल, तर तीन महिन्यांनी तो कायमच्या टाकीत जाऊ शकतो. नीट सांभाळलेला लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणून दुसऱ्या घरी देणार असाल तर घेणाऱ्याला हे आधी सांगा. सोबत वजनाची वही द्या, आणि थर्मोस्टॅट स्वतः जोडून, तापमान मोजून दाखवल्याशिवाय गेको त्यांच्या हवाली करू नका.