बाटलीवरचं करडू: ऊब, माप आणि वेळ

नवखा माणूस बाटलीवरच्या करडाला सहसा उपाशी ठेवत नाही, उलट जास्त पाजतो. बाटली दिसली की करडू ओरडतं, ढुशा देतं, रिकामं निपलही सोडत नाही, आणि आपल्याला वाटतं की याचं पोट भरलेलं नाही. पण पोट भरल्यावरही लुचायची ओढ राहतेच. म्हणून दूध द्यायचं ते त्याच्या ओरडण्यावरून नाही, वजनावरून. साधा ताणकाटा आणि करडू मावेल अशी पिशवी एवढ्यावर काम भागतं. जन्मल्यावर एकदा आणि मग दर आठवड्याला, पाजण्याआधी वजन करून वहीत लिहून ठेवा.

पहिला दिवस

नाक-तोंड पुसून करडू खरखरीत कापडाने चोळून कोरडं करा. नाळ ७ टक्के आयोडीनमध्ये बुडवा. नुसता बोळा फिरवून उपयोग नाही. लहान वाटीत आयोडीन घ्या, वाटी पोटाला टेकवा, म्हणजे नाळ मुळापर्यंत भिजते. ती सुकेपर्यंत दिवसातून एक-दोनदा हेच करा. इथून शिरलेला संसर्ग पुढे सांधे सुजवतो आणि करडू लंगडायला लागतं.

मग चीक. करडू आईच्या पोटातून रोगप्रतिकारशक्ती घेऊन येत नाही, ती त्याला चिकातूनच मिळते. आतड्याची ती शोषून घ्यायची ताकद तासातासाने घटते आणि २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत द्या, किलोमागे ५० मिली. पहिल्या दिवसात वजनाच्या किमान १० टक्के चीक पोटात गेलाच पाहिजे. ३ किलोच्या करडाला पहिल्या वेळी १५० मिली, दिवसभरात निदान ३०० मिली. आईचा चीक नसेल तर दुसऱ्या निरोगी, नुकत्याच व्यायलेल्या शेळीचा चालतो. तो गोठवूनही ठेवता येतो. वितळवताना भांडं कोमट पाण्यात ठेवा. विस्तवावर ठेवलात तर चीक घट्ट होतो आणि त्यातली प्रतिकारशक्तीही मरते.

पाजण्याआधी करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड उबदार हवं आणि बोट लगेच ओढलं जायला हवं. अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. ३८ च्या खाली गेलेल्या करडाला दूध पाजू नका. गारठलेलं आतडं हलत नाही, दूध आतच नासतं. गिळण्याची ताकदही नसते, त्यामुळे दूध फुप्फुसात जातं. कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवून आधी ऊब द्या. मात्र जन्मून पाच-सहा तास उलटले असतील आणि करडाने मान टाकली असेल, तर त्याच्या रक्तातली साखर संपत आलेली असते. अशा वेळी नुसतं शेकलं तर झटके येऊ शकतात. आधी पशुवैद्याकडून ग्लुकोज, मग ऊब. लुचत नसलेल्या करडाच्या घशात जबरदस्तीने दूध ओतायचं नाही. नळीने पाजायचं काम जाणत्या हातानेच व्हावं.

बाटली धरायची कशी

करडू आईखाली उभं राहून, मान ताणून, तोंड किंचित वर करून पितं. बाटलीही तशीच द्या: करडू चार पायांवर उभं, निपल त्याच्या डोक्याच्या जरा वर, मान सरळ. लुचताना अन्ननलिकेच्या शेवटची खाच मिटून नळीसारखी होते आणि दूध कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा पहिला मोठा कप्पा, टाळून थेट चौथ्या कप्प्यात जातं. कोठीपोटात सांडलेलं दूध आंबतं. लहान बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन पाजलं तर ते श्वासनलिकेत शिरायची भीती असते. बाटली इतकी तिरपी धरा की निपल कायम दुधाने भरलेलं राहील, नाहीतर करडू हवा ओढतं.

निपलचं भोक तपासायला बाटली उलटी करा. थेंब थेंब पडायला हवेत, धार लागता कामा नये. मोठ्या भोकामुळे ठसका लागतो आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया दिसतो. पिताना नाकातून दूध आलं तर तिथेच थांबा आणि निपल बदला.

नवीन करडू निपल चघळतं, ओढत नाही. एका हाताने जबडा खालून धरा, निपल जिभेवर ठेवा, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर अलगद सावली करा. आईच्या पोटाखाली अंधार असतो, तो मिळाला की बरीच करडं लुचायला लागतात. शेपटीच्या मुळाशी हलकं चोळलं तरी फरक पडतो.

किती, कितीदा, कसलं दूध

दिवसभराचं दूध वजनाच्या १५ ते २० टक्के, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत एका वेळी वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे ३ किलोच्या करडाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिली. पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळा, दुसऱ्यात चार, पुढे तीन, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून दोन वेळा. मोठं झाल्यावरही एका वेळी अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नका. वेळा ठरलेल्या हव्यात. सकाळची वेळ चुकली म्हणून दुपारी दुप्पट देणं हा पोटफुगीचा सरळ रस्ता आहे.

दूध पोटात पोचताना ३८-३९ अंश हवं, म्हणून बाटलीत ते ४० च्या आसपास घ्या. शेळीचं दूध उत्तम, गाईचं सायीसकट दूधही चांगलं चालतं. पावडर वापरायची तर करडांसाठीचीच आणि दुधाच्या प्रथिनांची. सोयाबीनच्या प्रथिनांची पावडर लहान करडाला पचत नाही. पिशवीवर लिहिलेलं प्रमाण वजन करूनच घ्या. एका दुधावरून दुसऱ्यावर जायला चार-पाच दिवस लावा. बाटली, निपल आणि ढवळायचं भांडं दर वेळी आधी गार पाण्याने विसळून, मग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन कोरडं करा.

पाजून झालं की मागून उभं राहून कुशी बघा. त्या सपाट आणि भरीव हव्यात. आत ओढलेल्या असतील तर दूध कमी पडलं. ढोलासारख्या बाहेर आल्या असतील तर जास्त झालं.

बिघडतं कुठे

पहिली विष्ठा काळी, मग पिवळी आणि डिंकासारखी चिकट. आई चाटायला नसल्यामुळे ही पिवळी विष्ठा शेपटीखाली वाळून गुदद्वार बंद करते. करडू कण्हतं, पोट ताणतं, पिणं सोडतं. पहिले काही दिवस रोज कोमट ओल्या फडक्याने ती जागा भिजवून पुसा, खरवडू नका.

हगवण लागली तर जीव जातो तो अंगातलं पाणी संपल्यामुळे. दूध पूर्ण तोडू नका, थोडं थोडं द्या आणि मधल्या वेळी क्षार-संजीवनी पाजा. दुधात ती मिसळायची नाही, कारण त्यामुळे पोटात दुधाचं दही नीट होत नाही. चिमटीत धरलेली मानेची कातडी सोडल्यावर लगेच सपाट होत नसेल, हगवणीत रक्त असेल किंवा करडू उठत नसेल, तर डॉक्टरांना बोलवायला उद्यापर्यंत थांबू नका. तीन ते दहा दिवसांचं, कालपर्यंत उड्या मारणारं करडू हगवण नसताना एकाएकी चिंधीसारखं लुळं पडलं, तर रक्तातलं आम्ल वाढल्याचा संशय घ्या. दूध थांबवा आणि लगेच डॉक्टर गाठा. वेळेत उपचार मिळाले तर असं करडू बहुधा उभं राहतं.

अंथरूण तपासायचं तर करडाजवळ गुडघे टेकून अर्धा मिनिट बसा. गुडघा ओला झाला किंवा नाकाला मुताचा वास झोंबला, तर पेंढा आजच बदला. तो वास करडाच्या फुप्फुसांना इजा करतो. वारा खालून लागता कामा नये, पण वर हवा खेळती हवी. उबेच्या दिव्याने आग लागू शकते. नुसत्या वायरवर लोंबकळत न ठेवता तो साखळीने पक्का बांधा.

शक्यतो दोन करडं एकत्र वाढवा. एकटं करडू माणसालाच कळप समजतं. बोकडाच्या पिल्लाशी तर कपाळाला हात लावून ढुशांचा खेळ कधीच खेळू नका. माणसाची भीती नसलेला मोठा बोकड हाच खेळ पूर्ण ताकदीने खेळतो.

दूध तोडताना

पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी, दुसऱ्यापासून वाळलेला चारा, कोवळा पाला आणि १६ ते १८ टक्के प्रथिनांचा खुराक चिमूटभर समोर ठेवा. कोठीपोट दुधाने वाढत नाही, चाऱ्यानेच वाढतं. आठ ते दहा आठवड्यांचं झालं, जन्मवजनाच्या अडीच-तीन पट भरलं आणि रोज चारा-खुराक खाऊन रवंथ करताना दिसलं, की दूध तोडायला हरकत नाही. यातलं एक जरी कमी असेल तर आणखी आठवडा द्या. आधी एक वेळ बंद करा, मग दुसरी बाटली आठ-दहा दिवसांत कमी करत न्या. खुराक एकदम वाढवू नका. त्याने आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होणारा जीवघेणा रोग, होतो. त्याची आणि धनुर्वाताची लस कधी द्यायची हे आईच्या लसीकरणावर ठरतं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. नर करडांना जास्त धान्य दिलं तर मूतखडे होतात.

दूध तुटल्यानंतरचे दोन-तीन आठवडे रोज लेंड्या बघा. त्या पातळ, काळपट, दुर्गंधीच्या झाल्या आणि केस रूक्ष दिसायला लागले तर कॉक्सिडिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी असू शकतो. तो जंताच्या नेहमीच्या औषधाने जात नाही. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन तपासायला द्या आणि औषध वजनानुसारच पाजा.