खाऱ्या पाण्यातील मासे नव्या घरी देताना

घेणाऱ्याची टाकी आधी स्वतः पाहावी. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) १.०२५ च्या आसपास, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस आणि अमोनिया (विष्ठेतून पाण्यात साठणारे विष) शून्य नसेल, तर भिडेखातरही मासा देऊ नये. (गोदावरीत सोडणे म्हणजे तर त्याला मारणेच.) क्लाउनफिशची जमलेली जोडी फोडू नये. आदल्या दिवशी खाणे बंद ठेवावे, म्हणजे पिशवीतले पाणी विष्ठेने खराब होत नाही. प्रत्येक मासा दुहेरी पिशवीत, एक तृतीयांश भाग जुन्या टाकीचेच पाणी आणि उरलेल्या भागात हवा ठेवून, थर्माकोलच्या डब्यात न्यावा, कारण नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत सिडकोहून पंचवटीपर्यंत स्कूटरवरून नेतानाही पाणी गार होते. पोहोचल्यावर पिशवी नव्या टाकीत पंधरा मिनिटे तरंगत ठेवावी, मग मासा पिशवीतल्या पाण्यासह बादलीत घेऊन बारीक नळीने नव्या टाकीचे पाणी थेंबथेंब सोडावे. जुने पाणी मात्र टाकीत ओतू नये.