बफेलो-हत्तीसाठीची रायफल टेस्ट करताय? या चुका टाळा

आधीच सांगून ठेवतो, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं इकडचं, म्हणजे दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, टांझानिया या बाजूचं, जिथे केप बफेलो, हत्ती, पाणघोडा यांची शिकार रीतसर परवान्यावर चालते. मी दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतात एका रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) मदत करतो, कॅम्पला जायच्या आधी पाहुणे शिकारी आमच्याकडे रायफल तपासायला येतात, आणि त्याच त्याच चुका बघून आता डोकं उठलंय. लाखोंची बंदूक घ्यायची, आणि टेस्टिंग म्हणजे काय, तर बेंचवर बसून शंभर यार्डावर तीन गोळ्या मारायच्या, कागदाचा फोटो काढायचा, स्टेटसला टाकायचा. झालं.

अहो, बफेलो शंभर यार्डावर मारत नाहीत. बहुतेक वेळा पन्नासच्या आत असतो, झुडपात असतो, आणि पहिली गोळी बसल्यावर पडेलच असं नाही. या रायफलीचं काम एकच, बोल्ट ओढला की दुसरं काडतूस आत गेलंच पाहिजे आणि चाप दाबला की उडालंच पाहिजे. दर वेळी. पन्नास यार्डावर दोन इंचात गोळ्या बसल्या तरी भरपूर झालं, त्यापुढे ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा घोळका) अजून लहान करण्यात जो वेळ घालवाल तो फुकट.

एकेक काडतूस हाताने भरून टेस्ट करणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एक साहेब आले होते दुबईहून, आपलेच मराठी, माणूस एकदम सज्जन. हातात नवीकोरी .४१६ रिग्बी (असे आकडे म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात), लाकूड असलं सुंदर की हात फिरवत बसावं. फोनवर टार्गेटचा फोटो, तीन भोकं एकमेकांना चिकटलेली. मी विचारलं, मॅगझिन भरून चालवलीय का? म्हणाले, नाही, रेंजवर सिंगल लोडच करत होतो, ॲक्युरसी बघायची होती ना.

त्यांच्याबरोबरचा प्रोफेशनल हंटर (शिकारीचा व्यावसायिक वाटाड्या) म्हणजे एक म्हातारा आफ्रिकानर, इकडचा डच वंशाचा गोरा, कमी बोलणारा. त्याने तीस पावलांवर बफेलोचं चित्र लावलं आणि मॅगझिन भरायला लावलं, वर एक सॉफ्ट (शिशाच्या मऊ टोकाची, आत फुलणारी) आणि खाली सगळ्या सॉलिड (टणक, न फुलणाऱ्या), इकडे बफेलोला बरेच जण असंच भरतात. साहेबांनी उभ्याने पहिली मारली, छान खांद्यात बसली. बोल्ट मागे, बोल्ट पुढे, आणि खट्. सॉलिडचं चपटं तोंड फीड रॅम्पच्या, म्हणजे काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये चढवणाऱ्या उताराच्या, कडेला अडकलं. आता इथे माणूस काय करतो, तर जोर लावतो. त्यांनीही लावला, बुलेट केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) आत दबली, काडतूस वाकडं होऊन बसलं. मग रायफल खांद्यावरून खाली घेतली आणि आत डोकावून बघायला लागले. म्हातारा घड्याळाकडे बघत उभा. ते काडतूस बाहेर काढायला आम्हाला खिशातला चाकू लागला.

दोष कुणाचाच नव्हता म्हणा हवं तर. चपट्या तोंडाची सॉलिड गोळी शरीरात गोल तोंडाच्या गोळीपेक्षा सरळ जाते, म्हणून लोक ती घेतात, आणि बरोबरच घेतात. पण प्रत्येक रायफल ती गिळेलच असं नाही, आणि हे कागदावरच्या भोकांवरून कळत नाही. चांगला गनस्मिथ रॅम्प आणि मॅगझिनचे ओठ नीट करून देतो, पण ते काम घरी असताना करायचं, शिकारीच्या आदल्या दिवशी नाही. साहेब शेवटी कॅम्पची जुनी .३७५ घेऊन गेले, निळा रंग उडालेली, पण कुठलंही काडतूस लोण्यासारखं आत घेणारी.

माझी सवय सांगतो. जी काडतुसं शिकारीला न्यायचीत त्याच बॉक्समधली घ्यायची, मॅगझिन पूर्ण भरायचं, रायफल खांद्यावरच ठेवून बोल्ट चालवायचा, आणि चालवायचा म्हणजे रागाने चालवायचा. हळूहळू, जपून बोल्ट ओढणाऱ्यांच्या रायफली रेंजवर कधीच अडकत नाहीत आणि झाडीत हमखास अडकतात, कारण घाईत बोल्ट पूर्ण मागे जात नाही, नवीन काडतूस उचललंच जात नाही आणि माणूस रिकाम्या चेंबरवर बोल्ट बंद करतो. शेवटचं काडतूस वेगळं लक्ष देऊन बघा, ते बऱ्याच रायफलींना जड जातं. आणि माउझर पद्धतीच्या ॲक्शनमध्ये सुटं काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून वरून बोल्ट आपटू नका, त्याचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस पकडून ओढणारा आकडा) मॅगझिनमधून वर येणारं काडतूस पकडायला बनवलाय, उगाच त्याच्यावर जोर कशाला.

अजून एक, हे फार कमी लोक करतात. मॅगझिनमधल्या सगळ्यात खालच्या काडतुसावर मार्करने खूण करा, कॅलिपरने लांबी मोजून लिहून ठेवा. मग वरची काडतुसं मारत जा, पुन्हा भरत जा, ते खालचं तिथेच राहू द्या. नंतर काढून परत मोजा. प्रत्येक धक्क्याला ते मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर आपटत असतं, क्रिंप (बुलेटभोवती आवळलेली केसची कड) ढिला असेल तर बुलेट आत सरकते, सॉफ्टचं शिसं चेपून त्याचं नाक बसतं. लांबी कमी झालेली दिसली तर तो लोड (गोळी-दारूची ती जुळणी) बाद. घरी भरलेल्या काडतुसांत हे जास्त दिसतं, विशेषतः ज्यांनी यूट्यूब बघून परवा सुरुवात केलीय त्यांच्या.

बेंचवर बसून स्वतःचा खांदा फोडून घेणे

.३७५ एच अँड एचचा धक्का साधारण .३०-०६ च्या दुप्पट असतो, आणि .४५८ लॉट म्हणजे त्याच्याही पुढचा मामला. बेंचवर पुढे वाकून बसलं की शरीराला मागे जायला जागाच नसते, सगळा धक्का खांद्याच्या हाडावर. उभं राहिलं की अंग मागे झुलतं आणि तोच धक्का निम्मा वाटतो. तरी नवशिके बसतात बेंचवर, कारण तिथे ग्रुप छान येतो. दहा-बारा गोळ्यांनंतर मेंदू शिकतो की चाप दाबला की मार बसतो, मग चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे जातो. त्यावर उत्तर काय, तर स्कोप बदलतात! स्कोपच्या बिचाऱ्याचा काय संबंध?

तपासायचं सोपं आहे. मित्राला म्हणा, तू भर मॅगझिन, मध्ये कुठेतरी एक डमी (न उडणारं खोटं काडतूस) टाक, मला सांगू नको. डमीवर चाप दाबला की खट् आवाज येतो आणि नळीचं टोक खाली झुकताना सगळ्यांना दिसतं, तुम्हालाही. मोठमोठ्या बाता मारणारे तिथे गप्प होतात. यावर इलाज म्हणजे मोठी रायफल त्या दिवशी ठेवून द्यायची, .२२ काढायची, आणि उभ्याने तिकाठीवरून मारत बसायचं. बेंच फक्त झिरो करण्यापुरता (नेम आणि गोळीची जागा जुळवण्यापुरता), तोही बट (दस्त्याचं मागचं टोक) आणि खांद्याच्या मध्ये वाळूची पिशवी ठेवून, थोडक्यात उरकायचा. रायफल घट्ट जखडून ठेवणारे ते वजनदार स्टँड येतात ना, त्यावर मोठी बोअर लावू नका, धक्का खांद्याऐवजी दस्त्यात जातो आणि दस्ता मनगटाजवळ चिरतो. शॉर्टकटने खांदा वाचला, लाकूड गेलं.

बॉक्सवरचा आकडा खरा मानणे

.४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ साली आली तेव्हा ५०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २१३० फूट प्रति सेकंद असं सांगितलं जायचं. तो आकडा लांब टेस्ट बॅरलचा, लोकांच्या हातातल्या आखूड बॅरलमधून वेग बराच कमी यायचा. वर केस छोटी, दारू ठासून भरलेली, ती कधीकधी गठ्ठा होऊन नीट जळायचीच नाही. जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये जखमी बफेलोने चांगलंच फेकलं होतं, .४५८ च हातात होती, आणि त्याच वैतागातून पुढे २.८ इंच केसची .४५८ लॉट जन्मली. तर स्वतःच्या बॅरलमधून, स्वतःच्या काडतुसाचा वेग क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) बघा. लॉटच्या चेंबरमध्ये विंचेस्टर मॅग्नमचं काडतूस चालतं, सरावाला स्वस्त पडतं, ठीक आहे, पण त्यावर झिरो करून शिकारीला लॉट घेऊन जाऊ नका, गोळी वेगळीकडेच बसेल.

उन्हाचं पण बघा. बक्कीच्या (पिकअप गाडीच्या) डॅशबोर्डवर तापलेली काडतुसं जास्त प्रेशर देतात, बोल्ट जड उघडतो, कधी उघडतच नाही. रिग्बीची केस १९११ पासून एवढी अवाढव्य आहे, त्यामुळे तिचं प्रेशर मुळातच कमी राहतं आणि गरम प्रदेशात ते उपयोगी पडतं. .४१६ रेमिंग्टन तेवढाच वेग छोट्या केसमधून आणि बऱ्याच जास्त प्रेशरने देते. वाईट नाही, पण मग काडतुसं सावलीत ठेवायचं पथ्य पाळा.

दुनळीला कुठलंही काडतूस घालणे

.४७० सारख्या दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठराविक लोडला जुळवलेल्या असतात. वेग कमी पडला की गोळ्या फाकतात, जास्त झाला की एकमेकींना ओलांडून विरुद्ध बाजूला बसतात. काडतूस बदलून मग "बंदूकच वाकडी" म्हणणारे खूप भेटतात. टेस्ट करताना उजवी-डावी लागोपाठ मारा, मग नळ्या गार होऊ द्या, मग पुढची जोडी. जुन्या इंग्लिश दुनळीत आजच्या एकसंध पितळी सॉलिड घालायच्या आधी जाणकाराला विचारा, पातळ नळ्यांना त्या सोसत नाहीत. (गंमत म्हणजे .४६५, .४७० ही कुटुंबं आली त्याला कारण हिंदुस्तान. इंग्रजांनी तिथे .४५० ची काडतुसं बंद केली, बंडखोरांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या कामी येतील या भीतीने, म्हणून बंदूकवाल्यांनी नवे आकडे काढले.)

बाकीच्या किरकोळ:

स्कोप डोळ्याच्या फार जवळ लावणे. भुवईवर अर्धचंद्र कोरून घ्यायची हौस असेल तर खुशाल लावा.

विमानातून उतरल्यावर झिरो न तपासणे. सामान कसं फेकतात माहितीय ना.

पाण्याच्या कॅनवर गोळी मारून "हत्तीला चालेल" असं ठरवणे. पाण्यात हाड नसतं. दोन गोळ्यांची एकमेकींशी तुलना करायला ठीक, बाकी काही नाही.

चाप दाबला आणि उडालं नाही, तर लगेच बोल्ट उघडणे. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, उशिरा उडणारी काडतुसं असतात.

आणि रात्री नळीला भरपूर तेल लावून सकाळी तशीच रायफल घेऊन निघणे. तेलकट नळीतली पहिली गोळी बाकीच्यांच्या जागी बसेलच असं नाही, आणि शिकारीत तीच पहिली गोळी महत्त्वाची. निघायच्या आधी कोरडा पॅच (कापडाचा तुकडा) नळीतून फिरवा, रेंजवर एक गोळी मारून नळी मळवा, आणि मग कॅम्पमध्ये तिला हात लावू नका.