ऐरोलीला जाण्याआधी तिथी बघा

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जायचं असेल, तर सुट्टीचा वार नंतर, आधी तिथी बघा. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी. ठाणे खाडीतली बोट भरतीच्या पाण्यावर चालते, त्यामुळे फेरीची वेळ केंद्रात आधी विचारून घ्याच.

आतली माहितीदालनं मुलांना घाई न करता दाखवा. रोहितांचा गुलाबी रंग शेवाळातल्या रंगद्रव्यातून येतो, हे तिथे समजलं की बाहेरचा थवा वेगळाच दिसतो.

मग तिवरांपाशी, म्हणजे खारफुटीच्या झाडांपाशी थांबा. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ती टोकं म्हणजे श्वास घेणारी मुळं. तिवराच्या पानावर बारीक मीठ साचलेलं असतं; झाड जादा खारेपणा असा बाहेर टाकतं. पान तोडू नका, नुसतं बोट फिरवा, खरखर लागेल. माझ्या मते अख्ख्या फेरीतला हाच सगळ्यात मोठा धडा. 2022 पासून ही खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. दुर्बीण असेल तर न्याच.