वैशाखात बर्फाचं पाणी: अल्गाँक्विनच्या कनू सहलीची तयारी

यादीतली पहिली नोंद सामानाची नाही, पाण्याची आहे. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपण कोल्हापुरात वळवाच्या सरीची वाट बघत असतो, आणि त्याच दिवसांत कॅनडात, ऑन्टारिओमधल्या अल्गाँक्विन पार्कच्या तळ्यांवरचा बर्फ नुकताच वितळलेला असतो. पाणी 4-5 अंशांवर. मी पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, पुराचं पाणी ओसरल्यावर नदी आडवी पार केली. म्हणून गेल्या खेपेला माझा समज होता की कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची हलकी नाव, उलटली तर उलटली, पोहून काठ गाठू. पहिल्या संध्याकाळी काठावर बसून मासा साफ करताना हात दोन-तीन मिनिटं पाण्यात राहिले, तर नंतर पिशवीची साधी गाठ सुटेना. बोटं होती, पण माझी नव्हती. या वेळी धाकटा भाऊ पहिल्यांदाच येतोय, तोही पट्टीचा पोहणारा आहे, म्हणून ही यादी आधी त्याच्यासाठी.

गार पाण्याचा हिशोब मॅनिटोबा विद्यापीठाच्या डॉ. गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी सोपा करून दिलाय: 1-10-1. पडल्यावर पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, कारण धाप लागून तोंडात पाणी जाण्याचा धोका तेव्हाच सगळ्यात मोठा. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि अंग गारठून शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. याचा सरळ अर्थ असा की त्या 10 मिनिटांनंतर पोहणं येत असून उपयोग नाही, अंगावर लाइफ जॅकेट असेल तरच तरंगाल. तिथल्या कायद्याप्रमाणे नावेत माणशी एक जॅकेट, पाणी उपसायला भांडं, 15 मीटर तरंगती दोरी आणि शिट्टी लागतेच. पण नावेत ठेवलेलं जॅकेट आणि अंगात बांधलेलं जॅकेट यात फरक आहे. आमचा नियम: काठावरून पाय उचलायच्या आधी बक्कल लागलं पाहिजे, आणि शिट्टी जॅकेटलाच बांधलेली पाहिजे. भावानं जाण्याआधी दोन-चार वेळा तरी जॅकेट घालून इथल्या तलावात उतरावं, म्हणजे ते अंगावर कसं वर सरकतं ते कळेल.

कपड्यांचा निकाल याच पाण्यावरून लागतो. जीन्स आणि सुती शर्ट घरी. सुती कापड भिजलं की ऊब देत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरते, हे आपल्याकडच्या धनगराला कुणी सांगायला नको. भर पावसात तो घोंगडं पांघरून मेंढरांमागं उभा असतो. घोंगडं न्यायचा मोह मलाही झाला होता, पण वजन बघून ठेवून दिलं. त्याऐवजी अंगालगत पातळ लोकरी किंवा सिंथेटिक बनियन, वर फ्लीस म्हणजे लोकरीसारख्या मऊ सिंथेटिक कापडाचा सदरा, त्यावर पावसाचा कोट आणि विजार. कोल्हापुरात मेमध्ये लोकरीचं काही मिळत नाही, त्यामुळे थंडीत स्वेटरवाले बसतात तेव्हाच मोजे-टोप्या घेऊन ठेवायच्या. कपड्यांचे दोनच जोड: एक ओला व्हायला, दुसरा फक्त झोपताना घालायला. दुसरा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून बांधलेला. सकाळी ओले कपडे परत चढवायचं जिवावर येतं, पण कोरड्या जोडाला हात लावायचा नाही.

आता कागदपत्रं. पार्क 1893 पासूनचा, 7,600 चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला, म्हणजे जवळजवळ आपल्या आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याएवढा. आतल्या भागात मुक्कामाची परवानगी तळ्यानुसार आणि रात्रीनुसार काढावी लागते, पाच महिने आधीपासून. त्या तळ्यावर नारिंगी पाटी असलेली जी जागा रिकामी दिसेल ती आपली. एका जागेवर जास्तीत जास्त 9 माणसं. मासेमारीचा परवाना वेगळा, आणि ऑन्टारिओबाहेरच्या माणसाला तो वेगळ्या दरानं. बहुतेक मासे सोडूनच द्यायचे असतील तर स्वस्तातला, कमी मासे ठेवू देणारा परवाना पुरतो. आम्ही तोच घेतो. आणि या सगळ्याच्या आधी व्हिसा.

तारीख का जपायची, तर सोयीचे दिवस थोडेच आहेत. ट्राउट या गार पाण्यातल्या माशाचा हंगाम एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो, पण तेव्हा बर्फ असू शकतो. मेच्या मध्यापासून काळ्या माश्या सुटतात, ब्लॅकफ्लाय म्हणतात त्या, आणि जून संपेपर्यंत हटत नाहीत. कानामागं, केसांच्या कडेला चावून रक्त काढतात. या दोन्हींच्या मधले दिवस आपले. तरी डोक्यावर घ्यायची जाळी आणि फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्यावाच, गडद रंगावर त्या जास्त येतात.

मासे धरायला वसंतासारखा दुसरा काळ नाही, आणि त्याचं कारण परत पाणीच. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की लेक ट्राउट खोल जातो. बर्फ वितळल्या वितळल्या मात्र वरपासून तळापर्यंत पाणी सारखंच गार, म्हणून तो वर, काठालगत फिरतो. ब्रूक ट्राउट ओढे तळ्याला मिळतात तिथं सापडतो. त्यामुळे जड शिसाचं सामान लागत नाही. एक मध्यम काठी, चांगली दोरी, चार-पाच चमचे म्हणजे पत्र्याची चकाकणारी आमिषं. नाव हळू वल्हवत चमचा मागं ओढत न्यायचा. जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला पार्कात बंदी आहे, गांडूळ चालतं. बास नावाचा मासा गळाला लागला तर सोडून द्यायचा, त्याचा हंगाम जूनच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा मी पक्कडीनं दाबून सपाट करते, म्हणजे सोडायचा मासा फाटत नाही. आणि वजनासाठी शिसं अजिबात नाही, कथलाची वजनं घ्यायची. तिथला लून पक्षी तळातले खडे गिळतो, शिसाचं बारीक वजन त्यात गेलं की मरतो. रात्री त्याची हाक ज्यानं ऐकली त्याला हे दोनदा सांगावं लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर तयारीनंच जन्माला आलोय. आतल्या भागात डबाबंद पदार्थांचे टिन आणि फेकायच्या बाटल्या नेता येत नाहीत, म्हणजे सगळं कोरडंच हवं. थालीपिठाची भाजणी अर्धा किलो, मेतकूट, घरची कांदा-लसूण चटणी, आणि शाहू मार्केट यार्डातून आणलेला गूळ. एवढंच इथून. विमानतळावर हे सगळं विचारल्यावर सांगायचं, लपवायचं नाही, आणि मांसाचा कुठलाही पदार्थ न्यायचा नाही. तांदूळ, मुगाची डाळ, रवा, पोहे, शेंगदाणे, तेल टोरांटोत मामेभाऊ घेईल. रवा भाजून, खिचडीत मीठ-हळद-जिरं आधीच मिसळून, एका जेवणाची एक पिशवी करायची आणि वर दिवस लिहायचा. मासा मिळालाच तर रवा आणि चटणी लावून तव्यावर; न मिळाला तर खिचडी आहेच. माशाच्या भरवशावर जेवण कमी धरायचं नाही. गॅसची टाकी विमानात चालत नाही, तीही तिथंच घ्यायची.

हे सगळं खाणं, शिवाय टूथपेस्ट आणि साबणसुद्धा, रात्री एका पोत्यात घालून झाडाला टांगायचं: किमान 4 मीटर उंच, खोडापासून चांगलं दूर. अस्वलं वसंतात भुकेली असतात. तंबूत शेंगदाण्याचं पाकीटही नको. त्यासाठी 20 मीटर दोरी वेगळी.

पाय आणि खांदे. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना नाव डोक्यावर घेऊन चालावं लागतं, त्या वाटेला पोर्टेज म्हणतात, सुरुवातीला पिवळी पाटी असते. ‘कनू लेक’ या तळ्यातून ‘जो लेक’ या तळ्याकडे जाताना पहिलं पोर्टेज 295 मीटरचं. ऐकायला काहीच नाही, पण नाव आणि सामान एका खेपेत गेलं नाही तर तीच वाट तीनदा चालावी लागते. 1 किलोमीटरची वाट 3 किलोमीटर होते. म्हणून सामान माणशी एक पिशवी, त्यापलीकडे नाही. भावानं आतापासून रोज 15 किलो गहू पाठीवर घेऊन फिरावं आणि रविवारी तसंच जोतिबाच्या पायऱ्या चढाव्यात. तालमीत कमावलेलं अंग आहे त्याचं, पण बैठका मारणं वेगळं आणि ओल्या दगडावरून ओझं नेणं वेगळं.

याच कनू लेकवर 1917 च्या जुलैमध्ये टॉम थॉमसन हा चित्रकार वारला. त्या तळ्यांवर वर्षानुवर्षं नाव चालवलेला माणूस. आबालाल रहिमान यांनी जसं कोल्हापूरच्या पाण्या-झाडांना रंगात धरलं, तसं त्यानं अल्गाँक्विनला. त्याचं मरण नेमकं कसं झालं यावर अजून वाद आहेत, पण त्या पाण्यावर उतरताना मला तो आठवतोच. म्हणून वल्हवणं सकाळी, वारा उठायच्या आत; काठ धरून, मधून नाही; लाटा आल्या तर नावेत गुडघ्यावर बसायचं. दुपारी वारा वाढला तर तिथंच थांबायचं, दिवस गेला तरी चालेल.

शेवटचं, कागदाचं. आत फोनला रेंज नाही. छापील नकाशा प्लास्टिकमध्ये, होकायंत्र, आणि मामेभावाचं सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र. शिवाय दोन कागद लिहून ठेवायचे, एक टोरांटोत मामींकडे, एक इथं आईकडे: कुठल्या रात्री कुठलं तळं, गाडी कुठं उभी आहे, नावेचा रंग कोणता. रविवारी रात्री 8 पर्यंत आमचा फोन आला नाही तर मामींनी 911 ला कळवायचं. आईच्या कागदावर ती वेळ इथल्या घड्याळाप्रमाणे सोमवारी पहाटे 5:30 अशी लिहायची, नाहीतर ती रविवारी रात्री 8 पासूनच फोनकडे बघत बसेल.